चार बोटं जास्त

मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. तीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची मान नि खांदे कामातून गेले होते, आणि त्यात ती मोटरसायकल. लांबलचक, ठेंगणी, कपाटाहून जड. हँडल इतकं पुढे, की रविवारी फेरी मारली की सोमवारी कात्री धरताना मास्तर कण्हत. वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्तरांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. शेवटी बायकोने रागाच्या भरात आपल्या थोरल्या भावाला शब्द देऊन टाकला, की रविवारी ये आणि गाडी घेऊन जा. भाऊ विमा विकायचा. गाडीवर त्याचा कधीपासून डोळा होता, त्यामुळे वरवरसुद्धा नको म्हणाला नाही.

मास्तरांनी वाद न घालता उंच, मागे वळलेलं हँडल मागवलं. ताठ बसलेलं पाहून बायको विरघळेल, एवढीच आशा होती. धूळ नको म्हणून गाडी बाहेरच्या खोलीत घेतली आणि कटिंगचं टेबल भिंतीला सरकवलं.

गॅरेजवाला फोनवर हसला होता. हौशी लोक हँडल उंच करतात आणि केबली आखूड पडतात, म्हणाला. मास्तरांना ते लागलं. बाहीचं माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करायला लावणारा माणूस तो! त्यांनी स्टूलवर बसून स्वतःच्या हातांचं माप घेतलं, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबलींचं घेतलं, आणि वर दोन बोटं जादा धरली, शिवणीत माया ठेवतात तशी. खुणा खडूने केल्या, बोल्ट बटणांच्या डब्यात ठेवले. बायको धुतलेले कपडे घेऊन ये-जा करत होती. शुक्रवारी तिने खुंटीवरचा टेप नेला आणि परत आणून ठेवला. पडदे करायचे असतील, असं मास्तरांना वाटलं.

शनिवारी मास्तर गाडीवर बसले. पाठ ताठ, खांदे मोकळे. बायको बराच वेळ बघत राहिली.

"आता कसे माणसासारखे बसलात," ती म्हणाली. "पण दादाला शब्द दिलाय मी."

तिला वाईट वाटत होतं, ते दिसतच होतं. पण दिलेला शब्द तिने आजवर मागे घेतला नव्हता.

रविवारी दादा नवं कोरं हेल्मेट घेऊन हजर. मास्तरांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. दादाने गाडी दाराकडे ढकलली आणि हँडल दोन्ही बाजूंनी चौकटीला आपटलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, तरी दारात अडकून बसायचं ते बसलंच. मास्तरांनी टेप लावला. चार बोटं जास्त. आयुष्यभर घालणाऱ्याचं माप घेतलेलं, दाराचं घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

दादा म्हणाला, "मास्तर, काढा की ते हँडल."

"त्यांना वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," बायको म्हणाली. "पाना तिथे आहे, दादा. तू काढ."

दादाने आयुष्यात पेनाच्या टोपणापलीकडे काही उघडलं नव्हतं. त्याने पाना उलटसुलट करून पाहिला, मग आपल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहिलं. ही शिंगं असलेली गाडी मला नकोच, कपडे वाळत घाला तिच्यावर, असं म्हणून त्याने पाना ठेवला. नको म्हणजे कायमची नको ना, असं बहिणीने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"मग हेल्मेटचं तरी काय करतोस," ती म्हणाली. "ठेव इथेच."

दादा गेल्यावर तिने साडीचा पदर खोचला आणि बटणांचा डबा घेऊन जमिनीवर बसली.

"चारच बोल्ट आहेत. काढले की हँडल टाकीवर लांबीला ठेवता येईल. केबलींना माया ठेवलीये तुम्ही, पुरतील. दार मी शुक्रवारीच मोजलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"शब्द माझा होता. नको त्यानेच म्हणायला हवं होतं ना?"

दुपारी गाडी रस्त्यावर उभी राहिली, हँडल पुन्हा बसवून. दादाचं हेल्मेट बायकोला जरा सैल होत होतं. मास्तरांनी पट्टा दोन बोटं आत घेतला आणि तिला मागे बसवलं.