गेलेल्यांची भिंत

चंदनाचा शेवटचा हार फ्रेमला अडकवून हिलालभाऊ स्टुलावरून उतरत होते, तेवढ्यात सभागृहाच्या दारातून खणखणीत आवाज आला.

"हिलाल! मन्हा फोटू कोठे शे रे?"

हिलालभाऊंनी मान वळवली आणि त्यांचा एक पाय स्टुलावरच राहिला. दारात चिंधा नाना उभे होते. परीटघडीचं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. मागे त्यांची मुलगी सुगंधाबाई पिशवी सांभाळत उभी. नाना वाळले होते, वाकले होते, पण धडधडीत जिवंत होते. आणि ज्या भिंतीवरचे हार हिलालभाऊ सकाळपासून सारखे करत होते, तिच्या खालच्या रांगेत नानांचा फोटो होता. त्यालाही हार होता.

"थांबा नाना, तठेच थांबा! आठे वायरी पडेल शेतस!"

वायर एकही नव्हती. पण नाना थबकले, आणि तेवढ्यात हिलालभाऊंनी तो हार ओढून काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला. साठी उलटलेल्या माणसाने इतकी चपळाई दाखवावी याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. लगेच लाजही वाटली.

हिलाल पाटील म्हणजे पक्षाच्या धुळे जिल्हा कार्यालयाचे चिटणीस. चिटणीस हे नुसतं नाव. चौथ्या गल्लीतलं कार्यालय सकाळी उघडायचं, फोन घ्यायचे, सभेला खुर्च्या मागवायच्या, आणि निवडणूक हरली की पोस्टरं गुंडाळून माळ्यावर टाकायची, हे काम. यंदा जिल्हा शाखेला पंचाहत्तर वर्षं झाली. मुंबईच्या प्रदेश कार्यालयातून हुकूम आला की प्रत्येक जिल्ह्याने आपला इतिहास गोळा करावा, जुने फोटो लावून दालन उभारावं. बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी हिलालभाऊंकडे पाहिलं. फोटोंच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. पक्षात माणूस असाच इतिहासकार होतो.

आता या कार्यालयात 'गेला' या शब्दाचे दोन अर्थ होते. एक गेला म्हणजे वारला. त्याचा फोटो भिंतीवर चढायचा. दुसरा गेला म्हणजे दुसऱ्या पक्षात गेला. त्याचा फोटो भिंतीवरून उतरायचा. गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या प्रकारे जाणारे इतके झाले होते, की कुणी गेल्याचं कळलं तर हिलालभाऊ आधी घाबरत आणि मग "मेला फक्त" असं कळल्यावर सुस्कारा टाकत.

चिंधा नाना बरीच वर्षं कार्यालयाकडे फिरकले नव्हते. त्यांचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्याहून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. पेटीत त्यांचा फोटो निघाला तेव्हा ते आहेत की नाहीत, हे जाऊन पाहून यायला काहीच हरकत नव्हती. पण हिलालभाऊंनी फोन केला. फोन नानांच्या पुतण्याने उचलला.

"नाना गयात ना भाऊ," पुतण्या म्हणाला. "व्हयनात सा महिना."

आता कुठल्या अर्थाने गेले, हे सरळ कसं विचारायचं? हिलालभाऊंनी मोठ्या हुशारीने प्रश्न घातला, "शेवटपर्यंत आपल्यातच व्हतात ना पण?"

"हाव! शेवटलोंग आठेच व्हतात. कोठेबी गयात नई."

हिलालभाऊ गहिवरले. शेवटपर्यंत निष्ठावंत! त्यांनी "वाईट व्हयनं" म्हणून फोन ठेवला आणि नानांच्या नावामागे 'कै.' लिहिलं. खरं तर नाना मुलीकडे गेले होते, वरणगावला. जावई तिथल्या आयुध कारखान्यात होता. पुतण्याने पुढच्याच मिनिटाला तिकडे फोन करून सांगितलं, की पक्षाच्या कार्यालयातून नानांची चौकशी आली होती, काहीतरी मोठा कार्यक्रम आहे, जुने फोटो लावणार आहेत. नानांना वाटलं, बोलावणं आलं.

"हाऊ दख!" नाना भिंतीपाशी पोचले होते आणि फोटोच्या काचेला नाक लावून उभे होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. फोटोत सजवलेल्या बैलगाडीत फेटे बांधलेले चार पुढारी बसले होते. चौघांना आपापल्या मोठ्या फ्रेमा वर होत्याच. बैलांपुढे कासरा धरून एक काळा, तरणाबांड माणूस हसत होता, तेच नाना. "हाऊ पाखऱ्या. आनि हाऊ राजा. मन्हा बापनी चोपडाना बजारमा लिधेल व्हतात. पाखऱ्या भलता मारकुटा, पन त्या दिन घोषणा व्हयन्यात तरी हालना नई." मग त्यांनी फ्रेमखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "खाले काय लिखेल शे? वाच ना."

नानांना अक्षरओळख नव्हती.

"चिंधा वना महाजन," हिलालभाऊंनी वाचलं. "ज्येष्ठ कार्यकर्ते." पहिलं अक्षर त्यांनी गिळलं.

"कार्यकर्ता?" नाना खुदकन हसले. "मी ते निस्ती गाडी हाकेल शे!"

पण ते खूश झाले होते. पुन्हा पुन्हा त्या पट्टीवरून बोट फिरवत होते. सुगंधाबाई मागे उभ्या होत्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पट्टी वाचली, मग मान वर करून भिंतीच्या माथ्यावरचा 'स्मृतिशेष' असा सोनेरी अक्षरांचा फलक वाचला, मग बाजूच्या फोटोंचे हार पाहिले. शेवटी हिलालभाऊंच्या खिशातून बाहेर लोंबणारं चंदनाचं टोक पाहिलं. हिलालभाऊंनी ते टोक आत सारलं.

नानांना पहिल्या रांगेत बसवून हिलालभाऊंनी चहा आणून दिला. नाना रंगात आले होते.

"मन्ही मायनी मन्हं नाव चिंधा काबर ठेवं, ठाऊक शे का तुले? मन्हा पहिले दोन भाऊ गयात. मंग माय बोलनी, याले चिंधी म्हना. चिंधी कोन उचलस? यमबी उचलाव नई." नाना बशीत चहा ओतून फुर्र करून प्याले. "दख, नव्वदीले टेकनू. नई उचलं!"

हिलालभाऊ हसले, पण ते हसू त्यांना कडू लागलं. जे यमाला जमलं नव्हतं ते त्यांनी एका फोनवर करून टाकलं होतं.

श्रद्धांजलीची यादी अजून व्यासपीठावरच्या फाइलीत पडून होती. कार्यक्रमाची सुरुवातच तिने होणार होती. पेन हिलालभाऊंच्या खिशाला होतं. एक ओळ खोडायची, बस. पण स्मरणिका छापून खुर्च्याखुर्च्यांवर वाटून झाली होती, तिच्यातही तेच होतं. ओळ खोडली की कुणीतरी विचारणार, का खोडली? आणि आज श्रद्धांजलीनंतर हिलालभाऊंचा सत्कार होता. दालन उभारलं म्हणून. इतक्या वर्षांत पहिला. बायको आली होती, सून आली होती, नातू मोबाइल धरून तयार होता. 'जित्या माणसाला मारणारा इतिहासकार' म्हणून शाल घ्यायची?

तरी ते जिल्हाध्यक्षांकडे गेले. अभयकुमार शेठ कापडाचे व्यापारी, घाईचा माणूस.

"शेठ, यादीत एक नाव जरा..."

"हिलालभाऊ, नंतर बोला. साहेब पारोळा चौफुलीवर आलेत. हार कुठेय?"

"नंतर बोलतो," हिलालभाऊ म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. आपण सांगायला गेलो होतो, शेठनी ऐकलं नाही, असं आता म्हणता येणार होतं. या हायसं वाटण्याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

प्रदेशाध्यक्ष आले. दीप लागला. भूषण नावाचा तरुण पदाधिकारी माइकपाशी उभा राहिला आणि खर्जातल्या आवाजात बोलू लागला, "ज्यांच्या घामावर ही संघटना उभी राहिली, ते आज आपल्यात नाहीत..." एकेक नाव येऊ लागलं. हिलालभाऊ पडद्याच्या कडेला उभे होते. मनात म्हणत होते, नानांना कमी ऐकू येतं, निभावेल. नावामागून नाव गेलं, आणि मग, "चिंधा वना महाजन."

आपलं नाव नानांना बरोबर ऐकू आलं. आपलं नाव कुणाला ऐकू येत नाही?

"सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी," भूषण म्हणाला, आणि सगळं सभागृह एकदम उठलं.

नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आपलं नाव घेतलं आणि शेकडो माणसं उभी राहिली! ते गडबडीने उठले. सुगंधाबाईंनी त्यांचा दंड धरला, पण त्यांनी तो हलकेच सोडवला, टोपी नीट केली आणि हात जोडून व्यासपीठाकडे चालू लागले. माना खाली घातलेल्या माणसांच्या समोरून ते डावीकडे हात जोडत, उजवीकडे हात जोडत निघाले. काठीची टकटक तेवढी ऐकू येत होती. पायऱ्या ते एकट्याने चढले. डोळे मिटून उभ्या असलेल्या प्रदेशाध्यक्षांसमोर जाऊन ते थांबले आणि शाल घ्यायला जरासे वाकले.

दोन मिनिटं किती लांब असतात ते हिलालभाऊंना त्या दिवशी कळलं. नाना वाकलेले तसेच. अभयशेठनी एक डोळा उघडला आणि घाबरून परत मिटला. पहिल्या रांगेत एका बाईने ओठांवर पदर धरला. ती रडते की हसते, ते कळेना.

हिलालभाऊ पुढे झाले ते ठरवून झाले नाहीत. तबकात सत्काराच्या शाली रचल्या होत्या. त्यांनी वरची उचलली आणि प्रदेशाध्यक्षांच्या हाताला लावली. साहेबांनी डोळे उघडले. पुढाऱ्याच्या हातात शाल दिली की ती समोरच्या खांद्यावर आपोआप जाते. साहेबांनी ती नानांना पांघरली, वर हात जोडले. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सभागृहाने टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला, कारण काय घडलं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि अशा वेळी टाळ्या वाजवणंच सोयीचं असतं. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोण हे?" शेठनी कानात विचारलं.

"जुने कार्यकर्ते," हिलालभाऊ म्हणाले.

"बरं केलं बोलावलंत."

पुढे हिलालभाऊंच्या सत्काराला शाल कमी पडली. नुसता नारळ मिळाला. भूषण माइकवरून म्हणाला, "हिलालभाऊ घरचेच आहेत," आणि सगळे हसले. चूक पचली होती. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. कुणीतरी चारचौघांत खडसावलं असतं तर बरं, असं हिलालभाऊंना नारळ हातात घेऊन वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी दोघांना रिक्षात घालून बसस्टँडवर नेलं. भुसावळ गाडी लागलेली होती. नानांना खिडकीपाशी बसवून सुगंधाबाई पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरल्या. हिलालभाऊ धावत जाऊन बाटली घेऊन आले. ती घेताना त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"हिलालभाऊ, नाना गेले की तुम्हाला कळवायचं का? का तुमच्याकडे लिहून झालंय, तेवढ्यावरच भागेल?"

आवाजात राग नव्हता.

"ताई, चुकलं माझं. गावात जाऊन यायला हवं होतं. मी फोन केला आणि..."

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "ते आता मरेपर्यंत हेच सांगत बसतील. सांगू द्या." आणि पदर सावरून गाडीत चढल्या.

खिडकीतून नानांनी हाक मारली. शाल त्यांनी घडी करून मांडीवर घेतली होती, मळू नये म्हणून.

"हिलाल, पन भासन कोनीच करं नई रे! निस्ता बठ्ठा उभा राह्यनात, मान खाले घालीसन. बरं व्हयनं. मन्हाबद्दल बोलाले शे बी काय?"

"शे ना नाना," हिलालभाऊ कळवळून म्हणाले. "भलतं शे!"

"काय शे?"

नानांनी हे नम्रपणाने नाही, खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं होतं. त्यांना ऐकायचं होतं. हिलालभाऊंनी तोंड उघडलं. हा माणूस किती वर्षं कार्यालयाच्या बाकावर येऊन बसला होता, माठातलं पाणी पिऊन, राम राम करून गेला होता. त्याला आपण कधी काय विचारलं होतं? सांगण्यासारखं एक वाक्य ते शोधत राहिले.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. नाना खिडकीतून बाहेर वाकले होते, कानामागे हात धरून.