श्वासाएवढी जागा

व्हॉल्व्हचा सेट बटण दाबल्याबरोबर वाजत नाही. काचेच्या नळ्यांच्या पोटात आधी नारिंगी काहीतरी धुगधुगतं, मग ते हळूहळू उजळतं, तापलेल्या धुळीचा आणि जुन्या वॉर्निशचा वास खोलीत पसरतो, आणि ऐकणारे चहाचे कप घेऊन नीट बसलेत याची जणू खात्री झाल्यावरच तो आवाज सोडतो. विश्वजीतला हे थांबणंच सगळ्यांत आवडायचं. बर्लिनला ध्वनिशास्त्र शिकताना त्याने भलीभली यंत्रं हाताळली होती. पण नवीन पनवेलमधल्या आपल्या घराच्या बैठकीत, खिडकीतून प्रबळगडाची कड दिसत असताना, वडिलांनी तरुणपणी हाताने जोडलेला आणि त्यांच्यामागे माळ्यावर धूळ खात पडलेला तो ॲम्प्लिफायर पुन्हा बोलला, तेव्हा त्याला वाटलं की आपण परत आलो तेच बरोबर केलं.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत तो त्याच्यावर खपला होता. जळलेला ट्रान्सफॉर्मर मुंबईहून पुन्हा गुंडाळून आणला, फुगलेले कपॅसिटर काढून टाकले, वडिलांचा प्रत्येक डाख उकलून नव्याने दिला. स्पीकर कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातले होते, सागवानी, कमरेएवढे, आत कागदी कोन असलेले. ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, तोंडं जराशी एकमेकांकडे वळवून बसवले, की त्यांच्यासमोरच्या सोफ्यावर बसणाऱ्याला स्पीकर ऐकू येणं बंद व्हायचं आणि गाणारं माणूस दिसायला लागायचं. म्हणजे डोळे मिटून बोट दाखवता यावं की गवई इथे बसलाय, तबलजी त्याच्या उजव्या हाताला.

“आणि बिल भरणारी इथे बसलीये,” कीर्ती म्हणायची.

कीर्ती त्याची थोरली बहीण. बँकेत होती. तो परदेशात असताना आईवडिलांची आजारपणं तिने एकटीने काढली, आणि त्यात तिचं स्वतःचं काय काय राहून गेलं याचा हिशेब तिने कधी कुणाला ऐकवला नाही. विश्वजीत लोकांना सांगायचा, की विरत चाललेले गावोगावचे गळे जपायला आपण परत आलोय. आणि ते खरंही होतं. पण आतलं कारण कीर्ती होती. तिच्या वाट्याचं आयुष्य तिला मिळायला हवं, असं त्याने विमानातच ठरवलं होतं. चिन्हंही बरी दिसत होती. तिच्या शाखेतला शैलेश रविवारी येऊ लागला होता. मोठ्याने हसणारा, कुणाच्याही घरी दुसऱ्यांदा भात मागून घेणारा गृहस्थ.

“लग्न झालं तर हाक काय मारशील त्याला?” विश्वजीतने एकदा विचारलं.

“शैल्या.”

“आईने ऐकलं असतं तर?”

दोघंही हसली. त्यांच्या आईने जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. रेशनच्या कचेरीत ‘मालकांचं नाव?’ विचारलं की ती लहानग्या कीर्तीला पुढे ढकलायची, “सांग गं बाबांचं नाव,” आणि कीर्ती खिडकीच्या कठड्याला लोंबकळत ओरडायची, “कमलाकर!”

“मी नाही बाई तसलं करणार,” कीर्ती म्हणाली. “नाव ठेवतात ते घ्यायलाच.”

थंडी सुरू झाली तेव्हा विश्वजीतने जवळच्या विचुंबे गावच्या गंगाबाईला तिचं गाणं टेपवर घ्यायला घरी आणलं. गंगाबाई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात देवाब्राह्मणाइतकाच मान असलेली ही बाई हळदीपासून पाठवणीपर्यंत धवळे गाऊन लग्न लावते. त्यात देवांना बोलावणं जातं, पितरांना जातं, पाण्यातल्यांना आणि वेशीवरच्यांनाही जातं, आणि मग सगळ्यांच्या साक्षीने नवरा-नवरीचं नाव घेऊन दोघांना एका पाटाशी आणलं जातं. गंगाबाई रिक्षातून उतरली ती सुक्या बोंबलांची पिशवी घेऊनच. माइक पाहून तिने अंबाडा सारखा केला, दोन मोठे माइक कशाला म्हणून चौकशी केली, आणि आपला आवाज पुतणीच्या मोबाइलवर रिंग म्हणून टाकून देशील का, असंही विचारून घेतलं. मग सोफ्यासमोर जमिनीवर, खिडकीच्या बाजूला, मांडी घालून बसली.

“नवरीचा नाव सांग, बाला.”

विश्वजीत गोंधळला. “कुणाचं लग्न नाहीये, गंगाबाई. नुसतं गाऊन ठेवायचंय.”

“नावाबिगर धवला नाय व्हत. हाक कोनाला मारू?”

कीर्ती चहा घेऊन आली होती. “माझं घाला,” ती सहज म्हणाली. “कीर्ती.”

“आन् नवऱ्याचा?”

विश्वजीतने भुवया उडवून बहिणीकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “विशू, गप्प बस. काही ठरलेलं नाही,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. ज्या माणसाने अजून विचारलेलं नाही त्याचं नाव गाण्यात गुंफणं विश्वजीतलाही पटेना. शिवाय खोटं नाव घालून जुनं गाणं बाटवणं तर त्याच्या तत्त्वातच बसत नव्हतं. म्हणून त्याने तोडगा काढला.

“नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडा. तेवढा श्वास घ्या आणि पुढे चला. ठरलं की पुन्हा गाऊन घेऊ.”

गंगाबाईने माइककडे पाहिलं. “असा कोनी केला नाय,” ती म्हणाली. मग पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं म्हणून की काय, तिने डोळे मिटले आणि सूर लावला.

टेप त्या संध्याकाळीच ऐकली. व्हॉल्व्ह तापले, आणि गंगाबाई दोन स्पीकरच्या मधोमध, किंचित डावीकडे, जिथे ती खरोखर बसली होती तिथे येऊन बसली. कपाची किणकिण आली, खिडकीतला कावळा आला, तिच्या बांगड्या आल्या. बोलावणी झाली, कीर्तीचं नाव आलं, आणि मग ती मोकळी जागा आली.

विश्वजीतने टेप मागे नेली, पुन्हा ऐकली.

रेकॉर्डिंगमधली शांतता कधी रिकामी नसते हे त्याच्या विद्येचं पहिलंच सूत्र होतं. बाई गायची थांबली तरी खोली थांबत नाही. तिच्या भिंती, तिचा पंखा, खाली जाणारी रिक्षा, हे सगळं त्या शांततेत असतं. इथेही होतं. फक्त मागच्या भिंतीपाशी, उजव्या कोपऱ्यात, एवढ्याशा पट्ट्यात ते नव्हतं. माणूस उभा राहिला की खोली तेवढ्यापुरती बहिरी होते. कपडे, अंग, केस आवाज पिऊन टाकतात. ही तशी जागा होती. ज्या कोपऱ्यात कुणीच उभं नव्हतं, तिथे कुणीतरी उभं असावं एवढीच.

लॅपटॉपवर घेऊन ऐकलं तर तिथे काहीच नव्हतं. सपाट, निर्जीव शांतता. म्हणजे सेटचा दोष. त्याने उजव्या बाजूचे व्हॉल्व्ह बदलले. आवाज आणखी निवळला, बांगड्यांमधली काचेची कोणती आणि धातूची कोणती हेही कळू लागलं, आणि तो बहिरा पट्टा भिंत सोडून पुढे आला. त्याने वायरी बदलल्या, मग कपॅसिटर आणखी चांगले मागवले. दर खेपेला पट्टा गंगाबाईच्या जवळ सरकला. मग तो तिच्या शेजारी होता, आणि पुढच्या दुरुस्तीनंतर तिच्याही पुढे, सोफ्याच्या बाजूला.

इथे थांबता आलं असतं. पण आवाजाची इतकी खोली, इतका जिवंतपणा त्याने जन्मात कुठल्या सेटवर ऐकला नव्हता. भीती वाटायच्या ऐवजी त्याचा ऊर भरून यायचा. बाबांच्या हातात केवढं काय होतं, हे जगाला दाखवायला हवं, असं वाटायचं.

कीर्ती आता बँकेतून आली की चपला काढायच्या आत विचारायची, “लावतोस?” पूर्वी ती ऐकता ऐकता मेथी निवडायची, मध्येच त्याची थट्टा करायची, आता हात मांडीवर ठेवून बसायची. मोकळी जागा आली की तिचे ओठ किंचित हलायचे.

“काय म्हणतेस तू तिथे?”

“मी नाही म्हणत. नाव आहे ना तिथे.”

“तिथे काही नाही, ताई. जागा सोडलीये आपण.”

“असेल,” ती म्हणाली. “मला अजून नीट ऐकू येत नाही.”

शैलेश त्या रविवारी आला तेव्हा बरोबर चितळ्यांच्या बाकरवड्या होत्या आणि चेहऱ्यावर ठरवून आल्याचा संकोच. विश्वजीतला कळलं, की आज हा विचारणार. त्याने मुद्दाम स्वयंपाकघरात वेळ काढला. बैठकीतून शैलेशचा आवाज आला, “मग ऐकवा की तुमचा तो सेट,” आणि सोफा कुरकुरला. लगेच कीर्तीचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

“तिथे नको बसू.”

“का? ओलं आहे?”

“खुर्चीवर बस ना, प्लीज.”

शैलेश हसला, खुर्चीवर बसला, आणि त्या दिवशी त्याने भात दुसऱ्यांदा मागितला नाही. निघताना जिन्यात विश्वजीतला म्हणाला, “तुझ्या ताईने कुणाला शब्द दिलाय का रे? दिला असेल तर सांग, मी समजून घेईन. ती माझ्याशी बोलत होती, पण परवानगी घेतल्यासारखं दरवेळी बाजूला बघत होती.”

“नाही हो. थकलीये ती,” विश्वजीत म्हणाला. पुढच्या रविवारी शैलेशचा फोन आला की जमणार नाही.

तेव्हा मात्र विश्वजीत घाबरला. तो विचुंब्याला गेला. गंगाबाई नव्या इमारतीच्या सावलीत उरलेल्या आपल्या अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालत होती.

“रिंग चांगली वाजते रं,” ती म्हणाली. “पन बायका म्हनतात, मधीच तुटते.”

“पुन्हा गाता का, गंगाबाई? नाव ठरलंय. शैलेश. आजच चला.”

तिने हातातले सोडे सुपात ठेवले. “त्याच पोरीच्या नावाचा?”

“हो.”

“एका नवरीचा धवला दोनदा कसा म्हनू? एकदा झाला ना.”

“झालं कुठे? नवराच नव्हता.”

गंगाबाईने सूप बाजूला सारलं. तिच्या चेहऱ्यावर शहाणपण नव्हतं, भीती होती. लहान मुलाच्या हातून काही फुटल्यावर त्याला वाटते तशी. “मी येवढ्या लग्नांत गायले,” ती म्हणाली, “पन जागा मोकली ठेवून कंदी बोलावना नाय धाडला. तू म्हनलास म्हनून. आता मलाबी नाय ठाऊक.” मग पदराने हात पुसत तिने विचारलं, “पोरीनं हलद लावली काय?”

“नाही. कशाला लावेल?”

“मग जा बाबा. त्यो डबा बंद कर.”

तो घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. कीर्ती बँकेतून लवकर आली होती. ओट्यापाशी उभी होती आणि तिचे हात मनगटांच्याही वर पिवळेजर्द होते.

“लोणचं घालतेय,” ती म्हणाली. “ओली हळद आलीये बाजारात. असा काय बघतोस?”

ओट्यावर खरंच हळकुंडं होती, लिंबं होती, मिठाची बरणी होती. विश्वजीतने मान डोलावली, बैठकीत आला, आणि प्लग काढला. काचेच्या नळ्या एकेक करून उपसल्या, वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या. स्पीकरच्या वायरी कापल्या. टेपचं चाक काढून फीत खेचत राहिला, ती तपकिरी गुंतवळ त्याच्या पायाशी वाढत गेली. वडिलांच्या हातचं काम उलगडताना त्याला रडू येत होतं, पण हात थांबले नाहीत. सारं संपल्यावर सेटच्या जागी नुसता पत्र्याचा डबा उरला, भोकं पडलेला.

कीर्ती दारात उभी राहून बघत होती. चिडली नाही. “झालं मनासारखं?” एवढंच म्हणाली, लहानपणी खेळणं मोडल्यावर विचारायची तसं, प्रेमाने. मग तिने हात धुतले. पिवळेपणा गेला नाही. चहा केला, दोन कप आणले, एक त्याला दिला, एक टीपॉयवर ठेवला, आणि त्यांच्या रोजच्या ऐकायच्या वेळेला सोफ्यावर येऊन बसली.

“ताई, हा कप तुझा?”

ती नुसती हसली. खाली रिक्षा गेली, पंखा फिरत होता, प्रबळगडावरचं ऊन विझत होतं. विश्वजीतच्या सरावलेल्या कानांना खोलीचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता, म्हणूनच तिच्या उजव्या बाजूला ते कुठे थांबतात हेही त्याला ऐकू आलं. कीर्तीने अंगावरची ओढणी डोक्यावरून घेतली आणि थोडं सरकून जागा करून दिली.

“ताई,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. “आता सांग. काय नाव ऐकलंस तू तिथे?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“नाव कसं घेऊ रे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “इथेच बसलेत ना.”