वायंडॉट म्हणजे बेटावरचे

पाळण्याची कडी कुरकुरली आणि दुपारची सामसूम मोडली. मी एका हातानं दोरी ओढली. दुसऱ्या हातात बोरू तसाच. सासूबाईंचा डोळा लागलाय तोवर लिहून संपवायचं होतं.

सगळं ठाणं ह्यांना भाऊमास्तर म्हणतं. वर्षभरात दृष्टी इतकी मंदावली की वर्गातली मुलंही पुसट दिसू लागली. मास्तरकी जाणार हे ठरलेलंच. मुंबईच्या पुस्तक-कचेरीत भूगोलाचे धडे पसंत पडले, तर तिथं भाषांतराचं काम मिळणार होतं. इंग्रजी पुस्तकावर भिंग धरून हे अक्षर अक्षर लावत, मराठीत सांगत; लिहीत मी.

"लिही. अमेरिकेतल्या ह्या लोकांना ह्युरॉन म्हणतात. फ्रेंचांनी ठेवलेलं नाव. त्यांचे ताठ केस पाहून म्हणे रानडुकराची आयाळ आठवली."

"आणि ती माणसं स्वतःला काय म्हणवतात?"

"वायंडॉट. अर्थ बहुधा बेटावरचे."

"म्हणजे आपल्या साष्टीकरांसारखे. मग धड्याला तेच नाव नको का द्यायला?"

हे हसले. "द्या, मास्तरीणबाई. आणि पहिल्या पानावर माझं नाव घाल, ठळक."

बोरू थबकला. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही बायकांनी दारात अडवून धरल्यावर. कागदावर, माझ्या हातानं, कसं उतरवायचं? जागा सोडली. शाळेचा शिपाई महिपत धडे न्यायला येणार होता. त्याला लिहिता येतं, त्याच्याकडून घालून घेईन म्हटलं. तेवढ्यात बाळ रडलं. त्याला पाजायला आत गेले.

परत आले तर चौरंग रिकामा.

"महिपत?"

"गेला की. मीच चाचपून रुमालात बांधले नि दिले. त्याची गाडी चुकत होती."

दारात धावले. टेंभी नाक्याचा रस्ता उन्हात मोकळा पडला होता. स्टेशनाकडून शिटी ऐकू आली.

"कल्याणचे श्रीपादपंतही धडे धाडताहेत," हे मागून सांगत होते. "पण आता साहेबाला कळेल, हे काम कुणाचं ते." किती दिवसांनी चेहरा असा निवळलेला.

शकू त्यांच्या मांडीवर चढली. चार वर्षांची, घरात कानावर पडतं तेवढंच तिला ठाऊक. "भाऊ, तुमचं खरं नाव काय हो?"

"आईला विचार," हे मिश्कीलपणे म्हणाले. "आत्ताच लिहिलंय तिनं."

शकूनं माझा पदर ओढला.

"आई, भाऊंचं नाव काय?"