लिफ्टमध्ये शून्य नाही

आमचे उपमुख्याध्यापक नामगुंग सर तसे बरे गृहस्थ, पण पालक वर्ग बघायला येणार म्हटलं की त्यांना हातांचं वेड लागतं. मुलं काय शिकली ते राहू द्या बाजूला. हात वर दिसले पाहिजेत!

"प्यो बाई, गेल्या वर्षी तुमच्या तासाला दोनच हात वर होते," ते मला म्हणाले. "त्यातला एक खिडकी उघडायला."

मग त्यांनी आपली नेहमीची युक्ती काढली. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी फक्त उजव्या हातांना विचारायचं. मागे उभ्या पालकांना काय कळतंय डावा-उजवा? त्यांना हातांचं रान दिसणार, आणि आमची शाळा साऱ्या योंगदो बेटावर हुशार ठरणार.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण पालकांच्या तासाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, माझंही नाही. मुलांना मात्र ही युक्ती भलतीच आवडली. रंगीत तालीम घेतली तर डावे हात उजव्यांपेक्षा जास्त उत्साहात वर!

त्या डाव्या हातांत एक हात कायम असायचा. मा हेरिनचा.

हेरिन टेबल टेनिस खेळते. म्हणजे अशी खेळते की आमचा व्यायामाचा मास्तर तिच्यासमोर घाम पुसत बसतो. घातांकांपर्यंत तिचं गणितही बरं चाललं होतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन, चेंडू उसळल्यासारखी उत्तरं यायची. पण पूर्णांक आले, उणे आकडे आले, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. उणे आकडा वजा केला की अधिक का करायचं, हे तिला पटेना, आणि न पटलेलं लिहायचं नाही हा तिचा हट्ट. पेपर कोरा.

तिच्या आईचं बाजारात ओमुकचं दुकान आहे. कढईत माशाच्या वड्या तळता तळता तिने मला सांगून टाकलं होतं, "बाई, मी तासाला येणार आहे. हेरिनने हात वर करून एक तरी उत्तर दिलं, तर ठीक. नाहीतर सोमवारपासून टेबल टेनिस बंद. रोज संध्याकाळी गणिताचा क्लास. फीचं बोलून आलेय मी."

मी हेरिनला गाठलं. "हे बघ, मी सोपा प्रश्न विचारीन. तू उजवा हात वर कर, मी तुलाच उठवीन. झालं!"

"येत नसेल तर उजवा कसा करू, बाई?"

"अगं, एकदाच!"

"पण ते खोटं होईल ना?"

कानाखाली वाजवावी की मिठी मारावी तेच मला कळेना.

तो दिवस उजाडला. मागच्या भिंतीला पालक ओळीने उभे. हेरिनची आई दुकानातून तशीच धावत आलेली, केसांना तेलाचा वास, पायात शाळेने पाहुण्यांना दिलेल्या सपाता, त्याही दोन मापं मोठ्या. नामगुंग सर दाराशी हात मागे बांधून.

मी मोठ्या हौसेने लिफ्टचा प्रश्न तयार केला होता. उणे आकडे पुस्तकात थंडीच्या तापमानाचे असतात. मी म्हटलं, पोरांच्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी देऊ. फळ्यावर उभी रेघ काढली आणि विचारलं, "गाडी लावली तळघरात, दुसऱ्या पातळीवर, म्हणजे उणे दोन. घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट किती मजले चढेल?"

हातांचं रान! उजवेच उजवे. पाच वजा उणे दोन, म्हणजे पाच अधिक दोन, अगदी पाठ केलेलं. नामगुंग सर फुलले. साऱ्या वर्गात एकच डावा हात, खिडकीजवळ.

मी वर्गप्रमुखाला उठवलं. "दोयुल?"

"सात, बाई!"

"शाब्बास!"

टाळ्या. हात खाली. पण तो डावा हात काही खाली येईना. मी दुसरीकडे पाहिलं. पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. हात तसाच. मागून हेरिनची आई आधी खाकरली, मग चांगली मोठ्याने म्हणाली, "बाई, आमची पोरगी केव्हाची हात वर करून बसलीय! तिलाही विचारा की!"

आता ही उठणार, 'मला येत नाही' म्हणणार, आणि सोमवारपासून टेबल टेनिसला रामराम. पण इलाज होता का?

"बोल, हेरिन."

ती उठली. कानाच्या पाळ्या लाल. "बाई, मला सात कसे ते कळलं नाही. आम्ही पाचव्यावरच राहतो. आमची गाडी तळघरात दुसऱ्या पातळीवरच असते. सरावासाठी मी रोज जिन्याने चढते. सहाच होतात."

दोयुल उसळला. "मोजायला चुकली असशील!"

"रोज चुकेन?"

"बाई, चौथा मजला!" मागून तेओ ओरडला. हा आमच्या वर्गातला वात्रट. "हिच्या बिल्डिंगमध्ये चार नसणार! चार आणि मरण, दोन्हींचा उच्चार एकच, म्हणून गाळला असणार. एक कमी झाला, सातचे सहा!"

वर्ग खूश. मीसुद्धा क्षणभर खूश झाले, खोटं कशाला बोलू. माझं सात वाचलं होतं ना!

"चारच्या जागी 'फोर'चा इंग्रजी एफ लिहिलाय फक्त," हेरिन म्हणाली. "मजला आहे की. तिथे चोई आजी राहतात. नाव बदललं म्हणून आजी कुठे जाणार?"

मागचे पालक हसले. मी खडू तिच्या हातात दिला. "ये. तुझा जिना काढून दाखव."

तिने खालून सुरुवात केली. तळघर दोन, तळघर एक, मग पहिला, दुसरा, तिसरा, एफ, पाचवा. एकेका टप्प्याला खडू टेकवत ती मोजू लागली आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर ओरडू लागला. सहा! तिच्या जिन्याशेजारीच माझी संख्यारेषा होती. हेरिन एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मग खडू थांबला.

"बाई... तुमच्या रेघेवर शून्य आहे. आमच्या लिफ्टमध्ये शून्यच नाही!"

काय सांगू, अंगावर काटा आला! इतकी वर्षं लिफ्टने वरखाली करतेय मी बया, आणि आमच्याकडे जमिनीलगतचाच मजला पहिला, म्हणून तळघर एकनंतर थेट पहिला येतो, मध्ये काहीच नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. वर्गात नुसता गोंधळ. कोणी बाकावर चढलं, कोणी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटे घालतंय.

"वयाचंही तेच!" दोयुल, आमचा शहाणा दोयुल, चक्क किंचाळला. "आजी म्हणते मूल जन्मलं की एक वर्षाचं! तिथेपण शून्य खाल्लंय!"

"मग तुझी आजी लिफ्टच आहे!" तेओ म्हणाला.

दाराशी नामगुंग सर घामाघूम. मला खुणा करत होते, आवरा, आवरा. हात, हात! कारण आता एकही हात वर नव्हता. सगळे नुसते ओरडत होते.

आणि माझं डोकं फिरलं. कसले हात आणि कसलं काय!

"गप्प बसा सगळे!" मी डस्टर टेबलावर आपटलं. "पालकांनो, ऐका. मघाशी जे हात दिसले ना, ती आमची युक्ती होती. येतं तो उजवा, येत नाही तो डावा. तास चांगला दिसावा म्हणून. आणि आज अख्ख्या वर्गात खरा हात एकच होता, या पोरीचा डावा. माझा प्रश्नच चुकीचा होता, आणि तो तिने पकडला. आजपासून माझ्या तासाला ज्याला कळलं नाही त्यानेच हात वर करायचा. चला! कोणाला कळलं नाही?"

इतका वेळ बाकांवर नाचणारी पोरं आता खाली बघू लागली. नामगुंग सरांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी तर हिंमतच झाली नाही. हेरिन खडू धरून फळ्यापाशी एकटी उभी, आणि तिची नजर मागच्या भिंतीकडे. आता आईला कळलं होतं तो हात कसला होता ते.

मागे सपाता फरफटल्याचा आवाज झाला. हेरिनची आई एक पाऊल पुढे आली आणि तिने हात वर केला. डावा.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "ते शून्य घालायचं तरी कुठे?"

हेरिनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"आई, आपण रस्त्यावरून आत येतो ना, ती जमीन. तिथे ना चढलेलो, ना उतरलेलो. ते शून्य." तिने 'पहिला' पुसून शून्य लिहिलं. "मग दुसऱ्याचा झाला एक, तिसऱ्याचा दोन, चोई आजींचा तीन. आणि आपला चार. आता कर वजाबाकी. चार वजा उणे दोन."

आईने बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "सहा! अगं, बरोबर सहा येतात की!" आणि मग तिचे डोळे विस्फारले. "थांब. आपला चार? आपलं घर चारवर? अगं बाई! चार नको म्हणून तर मी मुद्दाम पाचवा घेतला!"

असा हशा पिकला की शेजारच्या वर्गाचे मास्तर डोकावून गेले.

"दारावर पाचच राहील गं, घाबरू नकोस," हेरिन हसत म्हणाली. "चार फक्त गणितापुरता."

पुढे हेरिननेच विचारलं, "बाई, म्हणजे उणे दोन वजा करायचे म्हणजे तळघरापासून जमिनीपर्यंतचं चढणंही मोजायचं, म्हणून अधिक होतं?" हो गं माझे राणी, म्हणूनच! इतके दिवस मी फळ्यावर जे घासत होते ते तिने जिन्यावरून उचललं होतं. घंटा झाली तरी कोणी उठेना.

तास संपल्यावर नामगुंग सर माझ्याकडे यायला निघाले, पण वाटेत दोन पालकांनी त्यांना गाठून विचारलं, पुढचा असा तास कधी? ते तिथेच अडकले. बरं झालं.

चपलांच्या कपाटापाशी हेरिनची आई मापाबाहेरच्या सपाता काढत होती. हेरिन शेजारी उभी, बॅट पाठीमागे धरून.

"हेरिनच्या आई, तो सोमवारचा क्लास..." मी सुरुवात केली.

"क्लास होणार," ती म्हणाली. हेरिनचा चेहरा पडला. आई खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. "संध्याकाळी, दुकानात. टेबल टेनिस आटोपलं की. मी ओमुक तळीन आणि ही मला शिकवेल. शाळेत हे उणे-बिणे आलं तेव्हा मीही असाच कोरा पेपर देऊन आले होते, बाई. मला कोणी हात वर करू दिला नव्हता."