लक्ष्मीपूजन आणि मिरीचा कप्पा

मित्रांनो, मला जरा हळू उघडा. मी एक जुने सागवानी कपाट आहे आणि माझ्या बिजागऱ्या आता फार कुरकुरतात. शिवाजीनगरच्या एका सुताराने मला घडवले, तेव्हा नागोजी आणि सकवारबाईंचे नवे लग्न झाले होते. येणारा-जाणारा माझ्या आरशाचे कौतुक करायचा. पुढे आरसा डागाळला, कौतुक संपले आणि ओझे मात्र वाढत गेले. जुन्या गोधड्या, बंद पडलेला मिक्सर, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका, सगळे माझ्याच पोटात. मी अगदी थकून गेले.

अशात त्यांची मुलगी सौम्या इंदिरानगरच्या ऑफिसबाहेर सापडलेले मांजराचे पिल्लू घेऊन आली. काळे आणि एवढेसे, म्हणून नाव मिरी. तिने माझा खालचा कप्पाच बळकावला. गोधडीवर केस, दारावर ओरखडे! मला राग यायचा, खोटे कशाला बोलू? पण कुकरची शिट्टी झाली तरी ती घाबरून माझ्याकडेच धावायची. माझ्याकडे असे कधी कोणी आले नव्हते.

मग ती दिवाळी आली. सकवारबाईंनी घर धुऊन काढले. मिरीची गोधडी धुवायला टाकली, कप्प्यात पितळी भांडी रचली आणि माझे दार घट्ट लावले. लक्ष्मीपूजनाला घराची दारे सताड उघडी ठेवायची त्यांची रीत. दार बंद दिसले तर लक्ष्मी परत जाते म्हणे. दिवे लागले आणि गल्लीत फटाक्यांची माळ सुटली. मिरी माझ्याकडे धावली. तिने दार ओरबाडले, त्यावर डोके आपटले. मित्रांनो, मला माझे दार आतून उघडता येत नाही. त्या वेळी मला माझीच चीड आली. एक सुतळी बॉम्ब फुटला आणि मिरी घराच्या उघड्या दारातून रस्त्यावर पळाली.

सौम्या पूजेवरून उठून अनवाणीच मागे धावली, पण मिरी दिसली नाही. पाडव्याच्या दुपारी ती शेजारच्या विठोजींच्या पाण्याच्या पंपामागे सापडली. मागचा पाय भाजलेला होता. सकवारबाईंनी कप्प्यातली भांडी बाहेर काढली. मिरी आत जाऊन बसली. नागोजी तिला ओढून बाहेर घेऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या वो. तिला वाटलं की येईल ती."

पुढच्या दिवाळीत सकवारबाईंनी मिरीची गोधडी धुतलीच नाही. तिचा ओळखीचा वास हवा म्हणून तशीच कप्प्यात घातली. माझ्या खोलीत पाणी आणि तिच्या शी-शूसाठी मातीचे घमेले ठेवले, पडदे ओढले, आवाज दबावा म्हणून पंखा मोठा केला आणि अंधार पडायच्या आत खोलीचे दार लावून घेतले.

"अगो, आज दार बंद? लक्ष्मी काय म्हणेल?" नागोजींनी विचारले.

"मी सांगितलंय तिला, हॉलमध्येच बस म्हणून. स्वल्प अडजस्ट करेल, थोडं चालवून घेईल."

बाहेर धडाधड वाजत होते. मिरी माझ्या पोटात थरथरत होती. हळूहळू तिची थरथर थांबली आणि तिला झोप लागली.

आता भिंतीत बसणाऱ्या नव्या कपाटासाठी माणसे माप घेऊन गेली आहेत. मलाही आता विसावा हवा आहे. न्या मला, पण दिवाळी उलटल्यावर न्या. आणि मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर तिचा कोपरा आधीच मोकळा ठेवा. फटाके वाजू लागले की तिला नवा कोपरा शोधायला सवड नसते.