माझ्यावर बसून पाहिलेले खेळ

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, काठाला पांढरी पट्टी असलेली. जवळ येऊ नका. तिथूनच ऐका.

मी सुप्याकडच्या माळावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीची. विणणाऱ्यानं मला चिंचोक्याची खळ लावली, उन्हात ताणली आणि बाजारात मांडली. तिथं कन्हेरी गावचा झुंबर आला. त्यानं मला दोनदा झटकलं आणि खांद्यावर टाकलं. तेव्हापासून मी त्याचीच.

झुंबरचा वांग्या-मेथीचा मळा होता, पाटाच्या पाण्यावर. बाप लवकर गेला, म्हणून धाकट्या सोपानला त्यानंच वाढवलं. सोपानला मिसरूड फुटलं तरी तो दादाच्या मागं मागंच असायचा. भाजीची गाडी बारामतीला रिकामी झाली, की दोघं तंबूतल्या सिनेमाला जायचे. खाली बसणाऱ्यानं अंथरूण घरून आणायचं. त्यांचं अंथरूण मी.

मी जमिनीवर. मला पडदा दिसायचा तो माणसांच्या डोक्यांच्या फटीतून. बाकी सगळा खेळ मी झुंबरच्या तोंडून ऐकला. तो गप्प बसायचाच नाही.

"ए कन्हेरीकर, तोंड मिट की!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"तिकीट काढलंय मी. बोलायचं बी त्यातच आलं."

एकदा भुताचा खेळ होता. मेलेली सरदारीण आरशातून बाहेर यायची. बायका किंचाळल्या. सोपाननं माझा काठ ओढून तोंडावर घेतला.

"हे कसलं भूत रं?" झुंबर म्हणाला. "पैंजण वाजवत येतंय! ज्याला गाठायचं त्याला सांगून येतं व्हय कुणी? आन बघ बघ, पदराला टाचणी लावलीय."

सगळा तंबू हसला. सरदारणीची पार रया गेली.

हसण्याच्या खेळाला मात्र तो मान द्यायचा. एक लठ्ठ माणूस पिठाच्या कणगीत पडायचा, बाहेर यायचा, आणि बायको त्यालाच भूत समजून झोडायची. झुंबर हसून हसून माझ्यावर लोळला. परतताना गाडीत सोपानला म्हणाला, "भ्या दाखवायला काय लागतं? पांढरं लुगडं. पण हसवायचं म्हंजी कठीण काम. त्या लठ्ठ्याला पडायचं कवा ते कळतंय."

मग आरोग्य खात्याची मोटार गावात आली. मारुतीच्या देवळापुढं चादर बांधली. फुकट खेळ. सगळी कन्हेरी जमली. त्यात नट नव्हते, गाणं नव्हतं. खरी घरं, खरी माणसं. आढ्यातून उंदीर खाली पडतो, गरगर फिरतो, मरतो. त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. घर सोडून गेलेला एक माणूस वाकळ आणायला माघारी येतो आणि गाठीच्या तापानं मरतो.

"एका वाकळंसाठी माघारी गेला?" झुंबर मोठ्यानं म्हणाला. "रचणाऱ्याला अक्कल न्हाय. असं कोण करतंय?"

शेजारी म्हातारे दत्तोबा बसले होते. "आरं, हे रचलेलं न्हाय. घडलेलं हाय."

"घडलेलं असलं म्हणून चांगलं व्हतंय का, तात्या? हसू न्हाय, रडू न्हाय. निसतं उंदीर मरत्यात."

पण घरी जाताना सोपानला म्हणाला, "भूत निदान दिसत तरी हुतं."

थंडी पडली आणि गावात उंदीर पडायला लागले. लोकांनी घरं सोडली, मळ्यात खोपी घातल्या. घाईत मी घरात वलणीच्या दोरीवरच राहिले. गाव असं गप्प झालं, की मला आढ्यातली खसखस ऐकू यायची. मग एक उंदीर वलणीवर पडला, माझ्याच घडीत. तिथंच तडफडला, तिथंच गार झाला, आणि घसरून खाली गेला. त्याच्या अंगावरचं जे होतं ते माझ्या लोकरीत शिरलं. मला झटकता येत नाही. मला हात नाहीत.

घरं रिकामी झाली, तरी देव आतच होते. प्रत्येक घरातलं एक माणूस दिवेलागणीला येऊन दिवा लावून जायचं. झुंबरची आई बानूबाई म्हणायची, "आपुन उघड्यावर आलो म्हणून देवाला अंधारात ठिवायचं का?" सोपान उठला, तर झुंबरनं त्याला खाली बसवलं. "तू न्हाय. मी जातो."

तो यायचा, दिवा लावायचा, झटक्यात निघायचा. कशालाच हात लावायचा नाही. एके दिवशी मात्र उंबऱ्यात थांबला. माझ्याकडं बघून स्वतःशीच म्हणाला, "पोरगं थंडीनं खोकतंय."

आणि त्यानं मला ओढलं.

खोपीशी आल्यावर सोपाननं हात पुढं केला. "आन की, दादा!"

"हात लावू नगंस! आधी ऊन खाऊ दे तिला. त्या मोटारवाल्यांनी सांगितलंय."

"तुला तर त्यो खेळ आवडला न्हवता."

"आवडला न्हाय म्हनलो. ऐकला न्हाय असं कुठं म्हनलो?"

त्यानं मला बाभळीवर फेकलं. मी गोळा होऊन फांदीत अडकले. दुसऱ्या दिवशी वरच्या घडीला ऊन लागलं, आतल्या घड्या तशाच राहिल्या. पण झुंबरचं काय? गावातून खोपीपर्यंत तो मला पांघरून आला होता.

त्याला ताप चढला. काखेत गाठ आली. शेवटी शेवटी बडबडत होता, "मागच्यांनो, गप बसा की. मला ऐकू येत न्हाय." मागं कुणीच नव्हतं. बानूबाई होती, तिनं तोंडात पदर कोंबला होता.

तो गेला. दत्तोबांनी त्याचे कपडे, वाकळ, सगळं जाळायला लावलं. मला बाभळीवरून काढायला काठी आणली, तेवढ्यात सोपाननं झडप घातली.

"ही न्हाय द्यायची! हिला दादाचा वास हाय."

"आरं पोरा, सोड तिला," बानूबाई ओरडली. "एकच उरलायस मला!"

तो मला घेऊन पळाला. कडब्याच्या गंजीत खोल खुपसून ठेवलं. तिथंच मी आहे.

आता ऊन उतरलंय. गार वारा सुटलाय. बांधावर सोपानची पावलं वाजताहेत, मला ओळखू येतात. लोकरीत वळवळ सुरू झालीय. पिसवांना ऊब कळते, लांबूनच.

कडबा हलतोय. त्याचा हात आत येतोय.

सोपान, मी ऊब द्यायला जन्मले, आणि तुला देऊ शकत नाही. माझ्यात तुझा दादा नाही रे. आग लाव मला. ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. बानूबाई, कुठं आहेस? हाक मार त्याला. आत्ता मार.