निळं पातळ

अंजनाबाईचा हात पोचायच्या आत दुकानदार चंपतरावाने निळं पातळ उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"हात नका लावू, बाई. रेशीम आहे. डाग पडला तं मंग कोण घेईन?"

अंजनाबाईने हात पदराखाली नेला. कामठीला घरी बसून विड्या वळून वळून तिच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. साबणाने तो रंग जात नसे. आज निघताना तिने राखेने हात घासले होते, आणि ते प्रेमलताने पाहिलं होतं. म्हणून आता तिला आईकडे बघवेना.

"पाहू तं द्या," प्रेमलता म्हणाली. "घ्यायलेच आलो आमी."

"हे तुमच्या कामाचं नाही. सुती पाहा."

दोन-तीन सुती पातळं त्याने मायलेकींपुढे टाकली, घड्या न उलगडताच, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सरकला.

प्रेमलताचं लग्न वैशाखात होतं. विहारात नेसायचं पांढरं पातळ घरी येऊन पडलं होतं. पण सासरच्या उंबऱ्यावर पोरीच्या अंगावर रेशीम असावं, एवढी एकच हौस अंजनाबाईने मनात धरली होती. त्यासाठी दोघी भर उन्हात बसने गांधीबागेच्या कापडबाजारात आल्या होत्या. आधीच्या दुकानात त्यांना कोणी बसाही म्हटलं नव्हतं.

इथे निदान बसायला मिळालं होतं. दाराला खसाची ओली ताटी होती आणि तिच्यातून झिरपणारा उजेड हिरवट होऊन पांढऱ्या गादीवर सांडत होता. बाहेरच्या सायकलरिक्षांच्या घंट्या फार दुरून आल्यासारख्या वाटत. खसाचा आणि कोऱ्या कापडाचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. प्रेमलताच्या डोळ्यांवर गुंगी येऊ लागली, तरी ओठ मात्र तिने घट्ट मिटून धरले होते.

पलीकडे एका वकिलाची बायको बसली होती. तिच्यापुढे रेशमाचा ढीग होता. एकेक पातळ हवेत उघडे, क्षणभर तरंगे आणि खाली येई. बाईंना मात्र काही ठरवता येत नव्हतं.

"अंगावर पाहिल्याशिवाय कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "माझी लेक सुधा जबलपूरला. ती असती तर..." बोलता बोलता त्यांची नजर प्रेमलतावर थांबली. "ही अगदी तिच्याएवढीच आहे. रंगही तसाच. उभी राहतेस का गं जरा?"

चंपतरावाचा आवाज एकदम मऊ झाला.

"ये ना बेटा. हे निळं धर बरं अंगावर."

प्रेमलता जागची हलली नाही. उठायचंच तर सरळ दाराबाहेर जायचं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात अंजनाबाईने तिच्या पाठीला हळूच हात लावला.

"उभी राह्य वं."

ती उभी राहिली. चंपतरावाने स्वतः निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर सोडला. तिचीही बोटं आईसारखीच तपकिरी होती, पण आता ती कोणाला दिसली नाहीत.

रेशीम गार होतं. सकाळच्या कन्हान नदीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरावं तसं ते तिच्याभोवती चढत गेलं. समोरच्या उंच आरशात एक मुलगी उभी होती. हिरव्या उजेडात तिचा चेहरा ओळखीचा वाटत होता, आणि नव्हताही. रुपेरी काठ तिच्या पायाशी मासोळीसारखा हलत होता. दुकानातली बोलणी विरत गेली.

मग आरशात तिला आई दिसली. अंजनाबाई गुडघ्यांवर किंचित पुढे झुकली होती. तोंड अर्धवट उघडं होतं. दुकानात दुसरं कोणी नाहीच, अशा नजरेने ती बघत होती.

पदर काढून फेकायला उचललेला हात प्रेमलताने खाली घेतला. ती तशीच उभी राहिली. मग कोणी न सांगता हळूच वळली, पाठ दिसावी म्हणून.

"सुंदर दिसतंय," वकिलीणबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुम्हाला कसं वाटतं हो, बाई? तुम्हीही लेकीच्या आईच."

काठापासून पदरापर्यंत अंजनाबाईने एकदा सावकाश पाहून घेतलं.

"खरं सांगू काय? मळकट दिसते," ती म्हणाली. "उन्हात तं अजूनच दिसन."

"मळकट?" चंपतराव म्हणाला. "कोरा माल आहे, बाई."

पण वकिलीणबाईंच्या कपाळावर आठी पडली होती. त्यांनी मान तिरपी करून पुन्हा पाहिलं.

"मलाही जरा तसंच वाटत होतं. राहू द्या. ते गुलाबी बांधा."

प्रेमलताने पातळ उतरवलं आणि आपल्याच हाताने त्याची घडी घातली. चंपतराव बघत राहिला, पण हात नका लावू म्हणाला नाही. अंजनाबाई उठली.

"सुती तरी पाहून जा," तो म्हणाला.

"पाहणं झालं, भाऊ."

ताटीबाहेर पाऊल ठेवताच ऊन अंगावर आलं. रस्ता पांढराफटक पडला होता. बरंच अंतर दोघी चालत राहिल्या. एका रसवंतीच्या कापडी सावलीत प्रेमलता थांबली.

"माय, खरंच मळकट होतं काय वं?"

"नाही. सुंदर होतं."

"मंग काहून तसं म्हटलं?"

अंजनाबाई तिच्याकडे बघत राहिली. प्रेमलताचा धुऊन धुऊन विरलेला सुती पदर चालताना खांद्यावरून घसरला होता. अंजनाबाईने तो दोन्ही हातांनी उचलला, सावकाश खांद्यावर ठेवला आणि त्याची एकेक चुणी तळहाताने सारखी केली.

"तुह्या अंगावर पाहिलं मी ते. मंग दुसरीले काहून जाऊ देऊ? चाल," ती म्हणाली. "ऊन लागन तुले."